जुना पिकअप, नव्याने बांधलेलं इंजिन आणि खालून येणारा ठोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन नुकतंच बांधून झालंय आणि ठोकायला लागलंय. तोवर गाडी चालवू का?

नको. आवाज नेमका कशाचा हे कळेपर्यंत गाडी उभी ठेवा. ठोका बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकवर बसतो तिथलं बेअरिंग) असेल, तर प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकच्या पिनवर हातोड्यासारखा आदळतोय. मधली तेलाची फिल्म तुटते, शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) तापतं, चिकटतं आणि शेवटी आपल्या जागेवर फिरतं. ते फिरलं की तेलाचं भोक झाकलं जातं आणि पुढचा खेळ काही मिनिटांचाच उरतो. रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आलेली इंजिनं मी पाहिली आहेत. अशा इंजिनाचं पुढे काही होत नाही, भंगारात जातं.

खाली दिलेल्या तपासण्यांना इंजिन मिळून पाच-सात मिनिटंच चालवावं लागतं, तीही बहुतेक आयडलवर. आधी ऑइलची पातळी बघा, मगच चावी फिरवा. पातळी कमी निघाली, तर ती भरून आवाज जातो का, हीच तुमची पहिली तपासणी झाली.

ठोका, टकटक, खडखड, किणकिण… गॅरेजात सगळ्याला ‘नॉकिंग’च म्हणतात. फरक काय?

फरक मोठा आहे, आणि अर्धं निदान तिथेच होतं. लाकडी दारावर मुठीने ठोकल्यासारखा जड, बसका आवाज खालून येतो: बिग एंड किंवा मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं). बिग एंडचा ठोका थोडा मोकळा असतो. तो सगळ्यात स्पष्ट कधी येतो? रेस २०००-२५०० आरपीएमवर नेऊन अचानक सोडली की, त्या सोडण्याच्या क्षणी. तेव्हा रॉडवर ना ढकल असते ना ओढ, तो मोकळ्या फटीत हेलकावतो. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल असतो आणि लोड पडल्यावर वाढतो. कानापेक्षा तो पायाखालच्या पत्र्यात जास्त जाणवतो.

गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) सैल असेल, तर आयडलवर धातूचा तीक्ष्ण, दुहेरी टकटकाट येतो: ‘टक-टक’, मग क्षणभर थांबून पुन्हा ‘टक-टक’. पिस्टन स्लॅपचा (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा) आवाज पोकळ असतो, डब्यावर बोटं मारल्यासारखा, आणि इंजिन तापलं की तो कमी होतो. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक हलकी, वरून येणारी, शिलाई मशीनसारखी. आणि चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर बाटलीत छर्रे हलवल्यासारखी किणकिण येते, तो यांत्रिक सैलपणा नाहीच. तो इंधन चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीने जळण्याचा आवाज आहे. त्याच्यावर पुढे स्वतंत्र लिहिलंय, कारण त्यावरून विनाकारण उघडलेली इंजिनं फार.

आवाज क्रँकचा की कॅमचा, हे कानाने कळतं का?

अनुभवी कानाला कळतं, बाकीच्यांनी टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) वापरावी. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ६०० आरपीएमच्या आयडलवर क्रँक सेकंदाला १० फेरे मारतो, कॅम ५. सेकंदाला ५ टकटकी कान कशाबशा पकडतो, १० म्हणजे जवळजवळ सलग गुरगुर होते.

लाइट पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला लावा आणि पुलीकडे न धरता जमिनीकडे धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते, म्हणजे लाइट कॅमच्याच वेगाने लुकलुकते. (काही डिस्ट्रिब्युटर नसलेल्या इंजिनांत एकच कॉइल दोन प्लग एकदम उडवतो, तिथे लाइट दर फेऱ्याला लुकलुकेल. ते आधी लक्षात घ्या.) आता नजर लाइटवर आणि कान इंजिनवर. प्रत्येक लुकलुकीला एक ठोका, तर आवाज अर्ध्या वेगाचा: टॅपेट, कॅम, कॅमवर चालणारा फ्युएल पंप. एका लुकलुकीला दोन ठोके, तर तो क्रँकच्या वेगाचा: बेअरिंग, फ्लायव्हील, पुली.

एक पळवाट मात्र आहे. पिस्टन स्लॅप खालच्या भागाचा असूनही पॉवर स्ट्रोकलाच जोरात वाजतो, म्हणून तो अर्ध्या वेगाचा वाटतो. तेव्हा ‘अर्धा वेग म्हणजे टॅपेट’ असं डोळे मिटून म्हणू नका.

कुठल्या सिलिंडरचा आवाज आहे, हे इंजिन न उघडता कसं शोधायचं?

एकेक सिलिंडर बंद करून. पेट्रोल इंजिन असेल तर आयडलवर एका वेळी एकाच प्लगची ठिणगी तोडा. वायर नुसती ओढून हवेत लोंबकळत ठेवू नका, ती जंपर वायरने ब्लॉकला अर्थ करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला उघडी वायर सोसत नाही, मॉड्यूल जळू शकतं, आणि झटका बसतो तो वेगळाच. सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर प्रत्येक सिलिंडरला काही सेकंदच द्या, न जळलेलं पेट्रोल तिकडे जातं.

ठिणगी तोडल्यावर ठोका एकदम मऊ पडला किंवा गेला, तर त्या सिलिंडरचा बिग एंड पहिला संशयित. पिस्टन स्लॅपही असाच मऊ पडतो, पण तो थंड इंजिनाचा आवाज असल्याने फरक करता येतो. गजन पिनचा आवाज बहुतेकदा कमी होत नाही, उलट बदलतो किंवा दुप्पट होतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर बंद केल्यावर दोन्ही वेळा थोडा थोडा फरक पडला, तर त्या दोघांमधला मेन बेअरिंग बघा. कुठलाही सिलिंडर बंद करून काहीच बदललं नाही, तर ज्वलनाच्या दाबाचा त्या आवाजाशी संबंध नाही. मग टॅपेट, चेन, पुली, फ्लायव्हील, नाहीतर इंजिनाबाहेरचं काहीतरी.

निकाल कागदावर लिहा: सिलिंडर १, २, ३… समोर ‘बदल नाही’, ‘थोडा कमी’, ‘गेला’. डोक्यात ठेवलेला निकाल तासाभरात आपल्याला हवा तसा वळतो.

स्टेथोस्कोप नाही. चालेल का?

लांब स्क्रू ड्रायव्हर चालतो. टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडाला. फिरता पंखा आणि बेल्ट यांच्यापासून बाही, केस, गळ्यातलं काही असेल ते दूर. एक्झॉस्टची गळती शोधायला मात्र दांडा नको, रबरी नळीचा तुकडा कानाशी धरून दुसरं टोक जोडांवर फिरवा.

आवाज खालून येतोय असं वाटतं. लगेच चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उघडू का?

थांबा. आधी बाहेरचे बहुरूपी तपासा. यातल्या एकाने मला स्वतःला दोन दिवस खाली झोपवलं आहे. एका जुन्या पिकअपचं इंजिन बसवून सुरू केलं, तर आयडलवर जड ठोका, क्रँकच्याच वेगाचा. मी चेंबर काढला, सगळ्या कॅप सोडल्या, शेल बघितले: नव्या नाण्यासारखे. पुन्हा बांधलं, पुन्हा तोच ठोका. शेवटी गिअरबॉक्सच्या पुढची पत्र्याची झाकणी काढली, तर टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनाशी जोडणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट हातानेच फिरत होते. मीच घट्ट करायचे विसरलो होतो.

म्हणून यादी. ऑटोमॅटिक गाडीत कन्व्हर्टरचे बोल्ट आणि फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती). फ्लेक्सप्लेटला मधल्या बोल्टांभोवती गोल तडा जातो, त्याचा आवाज हुबेहूब बिग एंडसारखा येतो आणि गिअर टाकल्यावर बदलतो. मॅन्युअलमध्ये फ्लायव्हीलचे बोल्ट. पुढच्या बाजूला क्रँकपुलीचा मधला बोल्ट आणि डॅम्पर (पुलीतला कंपनं शोषणारा भाग): जुन्या डॅम्परमधला रबर सुकून बाहेरची रिंग सुटी होते. आतल्या आणि बाहेरच्या भागावर खडूने एकच सरळ रेघ मारा आणि इंजिन चालवून बंद करा. रेघ तुटली तर रिंग सरकतेय. हे लक्षात ठेवा, कारण टायमिंगची खूण त्याच बाहेरच्या रिंगवर असते आणि ती सरकली की खूण खोटं बोलते.

कॅमवर चालणारा फ्युएल पंप: त्याचा लीव्हर झिजला की असा काही ठोकतो, की भलेभले फसतात. पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हर लावला की लगेच कळतं. बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवलं, की अल्टरनेटर आणि वॉटर पंप आपोआप वगळले जातात. इंजिन चढवताना खाली जॅक लावला होता? मग चेंबरला पोचा पडलाय का ते बघा. पत्रा आत दबून क्रँकला लागू शकतो, किंवा ऑइल पंपाची जाळी तळाला चिकटून पंप अर्धपोटी राहतो. जाळी आणि तळ यांत साधारण ६ ते १० मिलिमीटर अंतर हवं. आणि पिकअपच्या चेसिसला कुठे टेकलेला एक्झॉस्ट पाइप तर नेहमीचाच. इंजिन नव्या माउंटवर बसलं की त्याची उंची बदलते आणि जुना पाइप कुठेतरी आदळतो.

ऑइल प्रेशरची सुई नॉर्मल दाखवते. म्हणजे बेअरिंग ठीक?

दोन कारणांनी नाही. पहिलं, जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या सुईवर मी विश्वास ठेवत नाही, आणि नुसता दिवा असेल तर तो साधारण ५-७ पीएसआयच्या खाली गेल्यावरच पेटतो. सेंडर (ऑइल प्रेशरचा सेन्सर) काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचा. ढोबळ हिशेब असा, की दर १००० आरपीएमला १० पीएसआय. म्हणजे २००० ला २० पीएसआय, सुमारे १.४ बार. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गेज सगळ्या इंजिनाचा एकत्र दाब दाखवतं. सातपैकी एका शेलची फट दुप्पट झाली, तर एकूण दाबात फारसा फरक पडत नाही, आणि बांधताना मोठा पंप टाकला असेल तर मुळीच नाही. कमी प्रेशर आणि ठोका मिळून बेअरिंगकडे बोट दाखवतात. चांगलं प्रेशर मात्र बेअरिंगला निर्दोष ठरवत नाही.

ऑइल फिल्टर कापून बघा असं सगळे सांगतात. काय बघायचं?

फिल्टर उलटा ठेवून तेल निथळू द्या, मग डबा टिन कटरने कापा. करवत वापरू नका, तिचाच भुगा आत पडेल आणि तुम्ही त्यालाच बेअरिंग समजाल. आतला घडीचा कागद कापून काढा, पकडीत दाबून तेल पिळा आणि उन्हात पांढऱ्या कागदावर पसरा.

पहिल्या फिल्टरमध्ये थोडी चमकदार धूळ असतेच, रिंगा आणि लायनर एकमेकांवर बसत असतात. तिच्याने घाबरू नका. नखावर घेता येतील असे चपटे चंदेरी कपचे दिसले, चुंबकाला न चिकटणारे, तर शेलचा वरचा थर निघतोय. तांब्यासारखी लालसर झाक दिसली तर वरचा थर संपून आतल्या थरापर्यंत गेलंय: तिथून पुढे इंजिन सुरूसुद्धा करू नका. चुंबकाला चिकटणारा कीस क्रँकचा, कॅमचा किंवा रिंगांचा. आणि कधीकधी सिलिकॉनच्या गॅस्केटचे शेवयांसारखे तुकडे सापडतात. हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन आतून पिळून बाहेर येतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. तो शोध लागला तर बेअरिंग का वाजतंय याचंही उत्तर मिळालं.

पण सगळी बेअरिंग नवी टाकलीत! नवं बेअरिंग कसं ठोकेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यात जो राग असतो तो मला समजतो. पण नव्याने बांधलेल्या इंजिनाचा ठोका झिजेतून येत नाही. तो बांधणीतून येतो: मापातून, स्वच्छतेतून, कुठला भाग कुठे बसला यातून. त्यामुळे ‘काय झिजलं असेल’ हे विचारू नका. ‘काय काय हाताळलं गेलं’ हे विचारा.

मापापासून सुरुवात करू. बेअरिंग आणि पिन यांतली फट जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या पिनच्या) दर १ इंच व्यासाला ०.००१ इंच, हा जुना ढोबळ नियम. म्हणजे ५३ मिलिमीटरच्या पिनला सुमारे ०.०५ मिलिमीटर. क्रँक ग्राइंड करताना पिन ०.२५, ०.५० अशा टप्प्यांनी बारीक होते आणि तेवढंच जाड शेल लागतं. आता समजा क्रँक ०.२५ ला ग्राइंड झाला, आणि डब्यात शेल आले स्टँडर्डचे. फट ०.०५ ऐवजी ०.३० मिलिमीटर होते, सहापट. इंजिन पहिल्या मिनिटापासून ठोकेल. ऐकायला वेडगळ वाटतं, पण डब्यावरचा आकडा आणि शेलच्या पाठीवरचा शिक्का जुळतो का हे न बघता बसवणारे भेटतात. अजून बारीक प्रकार: सगळ्या पिना ग्राइंड झाल्या, एक तेवढी मापाबाहेर राहिली.

मग रॉडच्या कॅप. प्रत्येक कॅप आपल्याच रॉडसोबत यंत्रावर कातलेली असते. ३ नंबरची ५ वर लावली किंवा उलटी फिरवून बसवली, की भोक गोल राहत नाही. बहुतेक इंजिनांत वरच्या आणि खालच्या शेलचे लॉक एकाच बाजूला येतात, नंबर समोरासमोर दिसतात. व्ही आकाराच्या इंजिनात एका पिनवर दोन रॉड शेजारी बसतात. त्यांची उतार दिलेली कड क्रँकच्या गालाकडे आणि सपाट बाजू एकमेकांकडे हवी. उलट बसली तर शेलची धार पिनच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर चढते आणि दोनशे-पाचशे किलोमीटरांत शेल खाऊन टाकते.

पिस्टनलाही दिशा असते. डोक्यावर बाण किंवा खाच असते, ती पुढे. कारण गजन पिन बहुतेकदा नेमकी मध्यात नसते, एक-दीड मिलिमीटर बाजूला असते, पिस्टनने भिंत बदलताना आपटू नये म्हणून. पिस्टन उलटा बसवला तर तीच युक्ती उलटी पडते आणि स्लॅप ऐकू येतो, मापं सगळी बरोबर असूनही.

आणि कचरा. ब्लॉक बोअर केल्यावर, क्रँक ग्राइंड केल्यावर तेलाच्या वाटांमध्ये दगडाची भुकटी आणि धातूचा चुरा अडकतो. वाटांचे प्लग काढून, ब्रश घालून, साबणाच्या गरम पाण्याने धुतल्याशिवाय तो निघत नाही. नुसती हवा मारून तर नाहीच. पहिल्या स्टार्टला हा सगळा माल सरळ नव्या शेलमध्ये जातो. कधी उलट होतं: धुण्यासाठी काढलेला एखादा गॅलरी प्लग परत बसतच नाही. तेल तिथून मोकळं वाहतं आणि मागचे बेअरिंग उपाशी राहतात. पहिला स्टार्ट मारण्याआधी ऑइल पंप फिरवून तेल वरपर्यंत आणलं नसेल, तर ते पहिले काही सेकंद कोरडेच गेले.

रॉडचे बोल्ट जुनेच वापरले का, टॉर्क पान्याने ओढले का, हेही विचारा. ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

आवाज फक्त सकाळी थंड असताना येतो, नंतर जातो.

पिस्टन स्लॅप, बहुधा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकले असतील तर मुद्दामच जास्त फट ठेवलेली असते, कारण काही फोर्ज्ड मिश्रधातू तापल्यावर जास्त फुगतात. तिथे दोन-चार मिनिटांची थंड टकटक सोसायची. साध्या कास्ट पिस्टनवर तोच आवाज तापल्यावरही राहत असेल, तर बोअर (सिलिंडरचं भोक) मोठा झालाय किंवा पिस्टन उलटा आहे.

स्टार्ट मारल्यावर फक्त दोन-तीन सेकंद खडखड होऊन बंद होत असेल, तर आधी ऑइल फिल्टर बदला. ज्यात तेल परत उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह नसतो किंवा कडक झालेला असतो, त्या फिल्टरमधून रात्रभरात तेल खाली उतरतं. थंड असताना टिकटिक करून तापल्यावर थांबणारा आणखी एक महाभाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती: धातू फुगला की फट मिटते.

चढावर, ओझं असताना किणकिण येते. आयडलवर काहीच नाही.

हा डिटोनेशनचा आवाज. प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत व्यवस्थित पसरायला हवी. इथे तिच्या पुढ्यात कोंडलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून, एकदम पेटतं. त्या दाबाची लाट सिलिंडरमध्ये घंटेसारखी घुमते. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या बोअरला तिची वारंवारता ५-६ किलोहर्ट्झ येते, म्हणून तो आवाज इतका चिरका. बेअरिंगचा ठोका असा कधीच चिरकत नाही.

इंजिन बांधल्यावरच हे का सुरू झालं? हेड फेस केलं (घासून सपाट केलं), त्यामुळे कॉम्प्रेशन वाढलं. पातळ गॅस्केट आलं. बोअर मोठा झाला. टायमिंग ‘कानाने’ लावलं, आणि डॅम्परची रिंग सरकलेली असेल तर लाइटनेही चुकीचंच लावलं. कार्ब्युरेटर स्वच्छ करताना जेट बदलला आणि मिश्रण पातळ झालं. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून टाकलं. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल, म्हणून अॅडव्हान्स लवकर येतो.

तपासायची पद्धत सोपी: टायमिंग ४-५ अंश मागे घ्या आणि त्याच चढावर, तेवढंच ओझं घेऊन जा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्याने फिरतो, म्हणून त्याला २ अंश वळवलं की क्रँकवर ४ होतात. फार फिरवू नका. किणकिण गेली तर निदान झालं, आता मूळ कारण शोधा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकूनही हीच परीक्षा होते. प्लग काढून भिंगाखाली बघा: पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके असतील, तर पिस्टनचं अॅल्युमिनियम उडायला लागलंय. तेव्हा ‘थोडीशी किणकिण चालते’ असं कुणी म्हटलं तरी चालवून घेऊ नका, तीच रिंगांमधल्या भिंती तोडते आणि शेलही चेचते.

हा रोग इंजिनाइतकाच जुना आहे. १९२१ च्या डिसेंबरात थॉमस मिजली यांना जनरल मोटर्ससाठी काम करताना टेट्राइथाइल लेडने नॉकिंग थांबतं हे सापडलं, आणि पुढचं जवळजवळ शतकभर जगाने शिसं जाळलं. मोटारींसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता, २०२१ पर्यंत.

वरून टकटक येते. टॅपेट तर लावले होते.

थंड लावले की गरम? मॅन्युअल दोन्हींपैकी एकच सांगतं. नव्या बांधणीत गॅस्केट दबतं, सीट बसतात, म्हणून पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरांत फीलर गेज (फट मोजायची पट्टी) पुन्हा घालावाच लागतो. हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे टॅपेट) असतील आणि हेड बरंच फेस केलं असेल, तर पुशरॉडची लांबी आता जुळत नाही. नवे लिफ्टर भरायला १५००-२००० आरपीएमवर काही मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.

मोठी काळजी वेगळीच. सपाट तळाचे टॅपेट असलेला नवा कॅम पहिल्या स्टार्टनंतर लगेच २०००-२५०० आरपीएमवर २०-३० मिनिटं चालवायचा असतो, आयडलवर ठेवायचा नसतो. तेल उडून कॅमवर पडतं ते वेगाने फिरल्यावरच. शिवाय आजच्या पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच तेलांमध्ये कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवतात, म्हणजे झिंकही कमी. हे चुकलं तर कॅमचा उंचवटा काही तासांत घासून जातो. खूण: एकच टॅपेट पुन्हा पुन्हा सैल होतो, लावला की दोन दिवसांत परत टकटक. टॅपेट कव्हर काढून रॉकर किती उचलतात हे डायल गेजने मोजा. एक बाकीच्यांपेक्षा कमी उचलत असेल, तर कॅम गेला.

आणि टॅपेट हळूहळू फारच शांत होत गेले तर खूश होऊ नका. जुन्या मऊ सीटवर बिनशिशाचं पेट्रोल जळलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, फट मिटते, आणि व्हॉल्व्ह जळतो तो न वाजता.

क्लच दाबला की आवाज बदलतो.

थ्रस्ट बेअरिंग (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारं) बघा. क्लच क्रँकला पुढे ढकलतो. पुलीवर डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे सरकवा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर हालचाल साधारण ठीक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

फक्त रिंगा बदलल्या, बोअर तसाच ठेवला. आता ‘टिक टिक’ येते.

जुन्या बोअरच्या वरच्या टोकाला, जिथपर्यंत रिंग पोचत नाही, तिथे न झिजलेली कड राहते. जुनी रिंग स्वतः झिजून गोल झालेली होती, तिचं भांडण नव्हतं. नवी रिंग कोरी, धारदार: ती दर फेऱ्याला त्या कडेवर आपटते. कड कापायची राहिली असेल तर आवाज थांबतो तो एकदाच, रिंग तुटल्यावर. हेड काढावं लागेल, इलाज नाही.

डिझेल पिकअपला हेच सगळं लागू?

यांत्रिक भाग तोच. पण डिझेल मुळात ठोकतच चालतं, आणि पंपाचं टायमिंग दोन-तीन अंश पुढे असलं किंवा एखादा नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडत असला, तर तो ठोका बिग एंडसारखा जड होतो. म्हणून डिझेलवर आधी नोझल तपासून घ्या, टायमिंग बघा, आणि मगच खालचा विचार करा. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करून तो सिलिंडर बंद करता येतो: चष्मा घालून, वर फडकं धरून, हात फवाऱ्यापासून दूर ठेवून. दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि वरून टाचणीएवढं दिसणारं ते भोक थेट ऑपरेशनचं प्रकरण असतं. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नका. तिथे दाब १००० बारच्या वर जातो.

जाड तेल किंवा ‘नॉक थांबवणारं’ औषध टाकलं तर?

आवाज कमी होईल. फट तेवढीच राहील.

चेंबर काढून, इंजिन गाडीतच ठेवून बेअरिंग तपासता येतात का?

बऱ्याच पिकअपमध्ये येतात, काहींत पुढचा एक्सल किंवा क्रॉसमेंबर आड येतो. एका वेळी एकच कॅप सोडा. पिन आणि शेल कोरडी पुसा, प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणाऱ्या, फट मोजायच्या मऊ धाग्याचा) तुकडा पिनवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला ओढा आणि परत सोडा. मधल्या काळात क्रँक केसभरही फिरू देऊ नका, फिरला तर माप वाया. चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या पट्ट्यांशी जुळवून फट वाचा. पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक असेल, तर पिन निमुळती ग्राइंड झाली आहे.

शेलचा चेहराही बोलतो. मधोमध सारखी राखाडी झिलई: ठीक. एकाच कडेला घासलेलं: रॉड वाकडा किंवा उलटा. बारीक समांतर चरे: कचरा. फक्त वरचं शेल चेचल्यासारखं: डिटोनेशन. पिनवर नख आडवं ओढा, ते अडकलं तर नवं शेल टाकून भागणार नाही, क्रँक बाहेर काढावाच लागेल. गुळगुळीत पिनवर नुसतं शेल बदलूनही समाधान मानू नका. पहिलं शेल ज्या कारणाने गेलं, ते अजून आतच बसलेलं असेल.

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला तर ऐकून सांगता येईल?

फार थोडं. मोबाइल पार्श्वभूमीचा आवाज आपणहून दाबतो, मोठा लहान करतो, आणि बेअरिंगचा खोल ठोका त्याच्या छोट्या स्पीकरमधून जवळजवळ गायब होतो. पाठवायचाच असेल तर एकच लांब तुकडा घ्या: थंड स्टार्ट, आयडल, २५०० पर्यंत रेस, अचानक सोडणं. फोन एकाच जागी ठेवा, आरपीएम तोंडाने बोला. सोबत सिलिंडर बंद केल्याचा तो कागद, गरम इंजिनावरचा प्रेशरचा आकडा आणि फिल्टरचा उन्हातला फोटो जोडा. मी तरी आधी कागद वाचतो, मग आवाज ऐकतो.